इप्सिलांटीची १२३ मुले

बालशिक्षणावर सरकारी पैसा खर्च करावा का, हा वाद निघाला की अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी या गावाचे नाव हमखास येते. तिथे १९६२ साली डेव्हिड वाइकार्ट या मानसशास्त्रज्ञाने पेरी प्राथमिक शाळेत एक बालवाडी सुरू केली. पुढच्या काही वर्षांत गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुले निवडली गेली; ५८ बालवाडीत आली, ६५ घरीच राहिली. कोण कुठल्या गटात, हे मुख्यतः नशिबावर सोडले होते. बाहेर राहिलेल्या मुलांचा विचार केला की मन खट्टू होते, पण त्यांच्यामुळेच तुलना करता आली.

बालवाडी रोज सकाळी अडीच तास भरे. वीस-पंचवीस मुलांना चार शिक्षिका. आज काय करायचे ते मुलाने आधी ठरवायचे, ते करायचे आणि मग काय केले ते सगळ्यांना सांगायचे. आठवड्यातून एकदा शिक्षिका मुलाच्या घरी जाऊन दीड तास आईसोबत बसे.

मुलांचा बुद्ध्यांक भराभर वाढला. पण आठव्या वर्षापर्यंत दोन्ही गट जवळजवळ सारखे झाले. हिशेब तिथेच मिटवला असता, तर पैसे पाण्यात गेले असेच ठरले असते. संशोधकांनी मात्र मुलांचा माग सोडला नाही. चाळिशीपर्यंत बालवाडीच्या गटातल्या ७७ टक्के जणांनी शालेय शिक्षण पूर्ण केले होते, दुसऱ्या गटातल्या ६० टक्के. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेले अनुक्रमे ३६ आणि ५५ टक्के. नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी या गुंतवणुकीचा परतावा वर्षाला ७ ते १० टक्के काढला. त्यातला मोठा वाटा टळलेल्या गुन्ह्यांचा आहे.

१२३ हा आकडा लहान, हा आक्षेप रास्तच. पण बॉस्टनमध्ये १९९७ ते २००३ दरम्यान सोडतीने सरकारी बालवर्गांत गेलेल्या मुलांचीही तीच गोष्ट: चाचण्यांतले गुण वाढले नाहीत, कॉलेजात जाणारे वाढले. टेनेसी राज्याच्या बालवर्गांतली मुले मात्र सहावीत, प्रवेश न मिळालेल्यांपेक्षा मागे पडली. म्हणजे पैसा द्यावा का, एवढ्यावर वाद घालणे मला अपुरे वाटते. त्या पैशातून वर्गात काय उभे राहते, हेही विचारले पाहिजे. टेनेसीत एका वर्गात वीसपर्यंत मुले, एक शिक्षिका आणि एक मदतनीस असे.