रंगावरून मेदाचे मोजमाप

एका डासाच्या अंगात चरबी किती, असे कोणी विचारले तर आपल्याला हसू येईल. परंतु डास उपाशी किती दिवस तग धरील, हे पुष्कळसे या शिदोरीवर अवलंबून असते. आणि हिवतापाशी झगडणाऱ्यांना ते जाणून घ्यावेच लागते. सबंध डासाचे वजन दोन-तीन मिलिग्रॅम; त्यातली चरबी म्हणजे त्याचाही लहानसा अंश. तेथे नेहमीचा तराजू हात टेकतो. मग आपण रंगाला साक्षीला बोलावतो.

रीत अशी. डास क्लोरोफॉर्म व मिथेनॉल यांच्या मिश्रणात खलला की चरबी त्यात उतरते. ते मिश्रण उडवून लावून खाली उरलेल्या अंशावर तीव्र गंधकाम्ल घालावयाचे, उकळत्या पाण्याइतकी उष्णता द्यावयाची, निववावयाचे आणि फॉस्फोरिक आम्लात विरघळविलेले व्हॅनिलीन मिसळावयाचे. हे व्हॅनिलीन म्हणजे आइस्क्रीमला वास देणारेच होय! थोड्या वेळाने नळीत गुलाबी रंग चढतो. मेद जितका अधिक तितका रंग गडद. ठाऊक वजनाच्या तेलाच्या नळ्यांशी तो ताडून पाहिला की उत्तर मिळते. शाब्रॉल व शारोना यांनी १९३७ साली ही क्रिया पुढे आणली. १९६२ साली झोल्नर व किर्श यांनी ती रक्तद्रवासाठी बसविली, तर १९८५ साली व्हान हँडेल यांनी डासांसाठी.

येथे एक मेख आहे. हा रंग येतो तो मेदाच्या रेणूतील कार्बनच्या दुहेरी बंधांमुळे. शेंगदाण्याच्या तेलात असे बंध पुष्कळ, खोबरेल तेलात फारच थोडे. म्हणून दोन्ही तेले सारख्याच वजनाची घेतली तरी खोबरेलाची नळी फिकीच राहील. शेंगदाणा तेलाच्या मापाने खोबरेल मोजले, तर हाती येणारा आकडा निव्वळ खोटा! यास्तव ज्या जातीचा मेद मोजावयाचा, त्याच जातीचे माप हवे.

आज रक्तातील कोलेस्टेरॉल मोजण्यास बहुधा विकरे वापरतात. तरी यंत्र शेवटी वाचते तो रंगच. यंत्र आकडा देईल. तो कोणत्या मापाशी ताडला, हे मात्र आपणच विचारले पाहिजे.