जाळ्यातील वृक्ष

मोठ्या रुग्णालयातील संगणक एकमेकांना जोडण्यासाठी इमारतीइमारतींत ‘स्विच’ नावाची यंत्रे बसवावी लागतात. रायपूरच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारखा विस्तीर्ण परिसर असेल, तर एक तार तुटल्याने काम थांबू नये म्हणून पर्यायी मार्ग ठेवणे शहाणपणाचे ठरते.

परंतु या शहाणपणातच धोका दडलेला असतो. तीन स्विच त्रिकोणात जोडले की मार्गाचे वर्तुळ पूर्ण होते. सर्वांना उद्देशून निघालेला संदेश प्रत्येक स्विच आपल्या इतर सर्व मार्गांनी पुढे धाडतो. इथरनेटच्या संदेशाला आयुर्मर्यादा नसते. त्यामुळे तो फिरतच राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि थोड्याच वेळात सारे जाळे ठप्प होते.

यावरील ‘स्पॅनिंग ट्री’ हा उपाय राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला; १९९० मध्ये त्याला मानकाचे रूप मिळाले. या पद्धतीत स्विच आपापसांतून एकाला ‘मूळ’ म्हणून निवडतात. मुळापर्यंतचा सर्वांत सोयीचा मार्ग प्रत्येक जण उघडा ठेवतो. वर्तुळ पूर्ण करणारे मार्ग मिटले जातात. उघडी तार तुटली की मिटलेला मार्ग खुला होतो. मूळ पद्धतीत याला तीस ते पन्नास सेकंद लागत. २००१ च्या सुधारित पद्धतीत बहुधा काही सेकंदच पुरतात.

मग माणसाने करावयाचे काय उरते? मुळाची निवड. ज्याचा अग्रक्रमांक सर्वांत लहान, तो स्विच मूळ होतो. कारखान्यातून हा आकडा बहुधा ३२७६८ असाच येतो. सर्वांचा आकडा सारखा असल्यास यंत्राच्या जन्मजात क्रमांकावरून निर्णय होतो, आणि लहान क्रमांक पुष्कळदा जुन्या यंत्राचा असतो. अशा रीतीने अडगळीतील मंदगती स्विचकडे साऱ्या जाळ्याचे मूळपद जाऊ शकते. म्हणून जाणकार मध्यवर्ती स्विचला ४०९६ आणि त्याच्या राखीव जोडीदाराला ८१९२ हा आकडा स्वतः नेमून देतात.

वृक्षाच्या विस्तारालाही मर्यादा असते. सामान्यतः कोणत्याही दोन टोकांमध्ये सातांहून अधिक स्विच नसावेत. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयातील जाळे ही मर्यादा ओलांडून वाढले होते. नोव्हेंबर २००२ मध्ये ते कोलमडले आणि सुमारे चार दिवस तेथील डॉक्टर व परिचारिकांना पुन्हा कागदावर कारभार चालवावा लागला.

यंत्रे वृक्ष स्वतः उभारतात, हे खरे; पण त्याचे मूळ कोठे असावे, हे माणसानेच ठरविले पाहिजे.