तिनात एक

‘सीए रिपोर्ट आला का?’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही सत्र न्यायालयात हा प्रश्न कानावर पडल्याशिवाय दिवस जात नाही. सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, रासायनिक विश्लेषक. हिशेब तपासणारे सीए वेगळे. एका खुनाच्या खटल्यात मी मागच्या बाकावर बसलो होतो. सरकारी वकिलांनी रिपोर्ट वाचला: आरोपीच्या शर्टावर मानवी रक्त, गट ‘बी’. मयताचाही गट ‘बी’. आरोपीच्या घरच्यांचे चेहरे पडले. मग बचावाचे वकील सावकाश उठले आणि म्हणाले, ‘आपल्याकडे साधारण तिनात एक माणूस बी गटाचा असतो, साहेब. या खोलीतच मोजून बघा.’ मी खरंच मोजायला लागलो. आणि मग हे अक्षर कागदावर उमटतं तरी कसं, ते बघायला रीतसर परवानगी काढून एका न्यायसहायक प्रयोगशाळेत गेलो.

सेरॉलॉजीचा विभाग विचारावा लागत नाही, नाकानेच सापडतो. रसायनांचा वास मी गृहीत धरला होता. हा वास कुजक्या कापडाचा होता. ज्या मॅडमबरोबर मला बसायची मुभा होती, त्या एक पार्सल उघडत होत्या. खाकी कागद, लाखेचं सील, पंचांच्या सह्या, सगळं नियमाप्रमाणे. सील नमुन्याशी ताडून झालं. आत मात्र प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यात ओलं असतानाच कोंबलेलं धोतर. घड्यांत हिरवी-काळी बुरशी. ‘पंचनामा पक्का आणि मुद्देमाल कुजका,’ मॅडम मास्क सारखा करत म्हणाल्या. राग नव्हता आवाजात. राग यायचे दिवस मागे पडले असावेत.

कपडा पसरायचा, डाग मोजायचे, वहीत नोंद करायची. मग पहिली चाचणी. टिपकागद डागावर हलकेच घासतात, त्यावर फिनॉल्फ्थॅलीनच्या द्रावणाचा थेंब टाकतात, आणि मॅडम थांबतात. लगेच पेरॉक्साइड घालत नाहीत. त्याआधीच रंग आला तर काहीतरी वेगळंच आहे असं समजायचं. पेरॉक्साइडनंतर काही सेकंदांत गुलाबी झालं, तर रक्त असू शकतं. नुसतं ‘असू शकतं’, कारण बटाट्याचा किंवा मुळ्याचा रसही असा फसवू शकतो. पूर्वी या कामाला बेंझिडीन वापरत. त्याने कर्करोग होतो हे कळल्यावर ते मागे पडलं. ते हाताळत नोकरी केलेल्या माणसांचा हिशेब कुणी ठेवला असेल असं वाटत नाही.

रक्त ठरलं, की ते माणसाचं का, हा प्रश्न. ‘घरी बोकड कापला होता’ हा जबाब आपल्याकडे नेहमीचा. 1901 साली जर्मनीत टेसनो नावाच्या सुतारानेही कपड्यांवरचे डाग लाकडाच्या रंगाचे आहेत असं सांगितलं होतं. पाउल उलेनहुट यांनी त्याच वर्षी मांडलेल्या चाचणीने त्यातलं माणसाचं रक्त आणि मेंढीचं रक्त वेगवेगळं ओळखलं. तत्त्व आजही तेच: मानवी रक्ताविरुद्ध तयार केलेला सीरम डागाच्या अर्काला भेटला, की पांढुरकी रेघ धरते.

पण माझं मन अडकलं ते धाग्यात. गट शोधायला मॅडम डागातून सुईने एक धागा उचकटतात. जेमतेम अर्धा सेंटिमीटर. त्याच कापडाच्या कोऱ्या भागातला दुसरा धागा शेजारी ठेवतात, कारण पुष्कळ लोकांच्या घामात आणि लाळेतही गटाची खूण उतरते, आणि घाम रक्ताच्या नावावर खपायला नको. धागा ‘ए’ आणि ‘बी’ विरोधी सीरममध्ये रात्रभर थंडीत ठेवायचा. सकाळी बर्फगार मिठाच्या पाण्याने धुवायचा, पुन्हा पुन्हा. कमी धुतला तर खोटी खूण दिसते, जास्त धुतला तर खरीही जाते. मग 56 अंशांवर तापवायचा, म्हणजे चिकटलेली प्रतिद्रव्यं सुटतात. त्यात ओळखीच्या गटाच्या रक्तपेशी घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मॅडमनी मला डोळा लावायला सांगितला. एका काचेवर पेशी सुट्या, दुसऱ्या काचेवर दह्याच्या कवड्यांसारख्या गोळा झालेल्या. ‘बी,’ त्या म्हणाल्या. म्हणजे पुन्हा तिनात एक.

मी वकिलांचं वाक्य त्यांना सांगितलं. या रिपोर्टवर सहसा अधिकाऱ्याला साक्षीला बोलावत नाहीत, कायद्याने कागदच पुराव्यात वाचता येतो. त्यामुळे असा प्रश्न त्यांच्यापर्यंत क्वचितच येतो. ‘बरोबरच बोलले की,’ त्या म्हणाल्या. ‘गट जुळला नाही तर ते रक्त त्या माणसाचं नाही, एवढं मी छातीठोक सांगेन. जुळला तर त्याचंच आहे, असं कधी लिहिलंय का आम्ही?’ लिहिलेलं नसतं. वाचणारे तसं वाचतात.

आता डीएनए आहे, मग हे जुनं काम कशाला, असं मीही विचारलं. कुठला डाग रक्ताचा, कुठला वीर्याचा, कुठला नुसत्या पानाच्या पिचकारीचा, हे या टेबलावर ठरल्याशिवाय डीएनएला पाठवायचं काय? आणि प्लास्टिकमध्ये कुजलेल्या धोतराला डीएनएही फारसं वाचवू शकत नाही. त्यातून जंतू कधीकधी नसलेल्या ‘बी’ गटाचा भास निर्माण करतात. म्हणून मॅडम अशा धोतरापुढे ‘अनिर्णित’ लिहितात. कोर्टात हा शब्द वाचला, की प्रयोगशाळेने काम टाळलं असं लोकांना वाटतं. मला तर तो त्या रिपोर्टमधला सगळ्यात प्रामाणिक शब्द वाटला.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेप्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तोवर कपडे गोळा करणार तो हवालदारच.

दुपारी असाच एक हवालदार पार्सलं घेऊन आला. पोचपावती देता देता मॅडमनी त्याला समजावलं: ओला कपडा आधी वाळवा, मग कागदात बांधा. तो हसला. ‘मॅडम, ठाण्यात दोरी बांधली तर साहेब विचारतील, लाँड्री काढलीस का? आणि पावसात वाळवू कुठं?’

‘पंख्याखाली. खाली कोरा कागद अंथरून,’ मॅडम म्हणाल्या. ‘आणि उन्हात टाकू नका हां, तिथंही डाग खराब होतो.’

त्याने पावती खिशात घातली आणि पंख्याचं आपल्या डायरीत लिहून घेतलं.