राजदूतचा निळा धूर

सौंसर तहसिलीतील मोहगावाहून संत्र्यांच्या बगीच्यांकडे जाणाऱ्या वाटेवर एखादी जुनी फटफटी निघाली, की ती दृष्टीस पडण्यापूर्वीच तिचा आवाज कानी येतो आणि ती दिसेनाशी झाल्यावरही तिचा धूर मागे रेंगाळत राहतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्ह्यात गेला; परंतु त्याची भाषा मराठी आणि त्याची ओढ नागपूरच्या बाजारपेठेकडे, हे काही बदलले नाही. अशा गावी वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली राजदूत अजून पडवीत उभी असते. तिचा धूर हा घरातल्यांच्या थट्टेचा आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीचा विषय होऊन बसतो. तो धूर कोठून येतो आणि किती खर्चात आवरता येतो, याचा थोडा विचार करू.

राजदूत ही मूळची पोलंडची. तेथील किएल्त्से शहरी एस. एच. एल. नावाच्या मोटारसायकली बनत; त्यांपैकी एम ११ या नमुन्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ च्या सुमारास फरिदाबाद येथे राजदूत काढण्यास आरंभ केला. इंजिन १७३ घनसेंटिमीटरचे, गिअर तीन, शक्ती सुमारे साडेसात अश्वशक्तीची. दुधाचे कॅन, खताची पोती आणि वर दोन माणसे, असे ओझे वाहूनही ती कुरकुरत नसे. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात तिच्या धाकट्या भावंडाला तरुण मंडळींनी डोक्यावर घेतले, ती गोष्ट वेगळी. खेड्यातला तिचा लौकिक ओझ्याच्या जोरावर होता. तिच्याच पंगतीला म्हैसूरची जावा व पुढे येझदी या गाड्या बसतात. या साऱ्यांची जात एकच, ती म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाची, आणि धुराचे मूळही त्या जातीतच आहे.

चार फेऱ्यांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल खाली वेगळे साठविलेले असते. ते फिरून फिरून यंत्राला लागते, पण जळत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात अशी सोयच नसते. इंग्लंडमधील बाथ गावच्या जोसेफ डे याने १८८९ च्या सुमारास जी युक्ती काढली तीत पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवेचे मिश्रण पिस्टनच्या खालच्या बंद पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, ओढले जाते. पिस्टन खाली येताना ते दाबले जाऊन बाजूच्या वाटेने वर सिलिंडरमध्ये चढते. झडपा नाहीत, कॅम नाही, हलते भाग मोजके. म्हणूनच हे इंजिन स्वस्त व दणकट ठरले. मात्र खालची पेटी मिश्रणाच्या वाटेतच असल्याने तेथे तेल साठवून ठेवता येत नाही. ते पेट्रोलातच मिसळावे लागते. पेट्रोलबरोबर तेलाचे बारीक तुषार बेअरिंगांना व पिस्टनला लागतात, आणि आपले काम करून वर जाऊन जळतात. तेव्हा थोडा निळसर धूर हा या यंत्राचा स्वभावधर्म होय. तो अजिबात नाहीसा करू पाहणे म्हणजे यंत्राला उपाशी ठेवणे.

येथेच पहिली चूक घडते. धूर त्रास देतो म्हणून मालक पेट्रोलातील तेल निम्मे करतो, कधी अजिबात बंद करतो. दोन-चार दिवस धूर कमी दिसतो, मालकाला आपल्या हुशारीचे कौतुक वाटते. आणि मग एखाद्या दुपारी सौंसरच्या सडकेवर भरवेगात पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. इंजिन जाम झाले की मागचे चाकही त्याच क्षणी अडते. त्या वेळी हाताने क्लच दाबण्याइतकी समयसूचकता नसेल, तर स्वार रस्त्यावर फेकला जातो. नुसत्या सिलिंडरचाच नव्हे, तर हाडांचाही प्रश्न येथे असतो.

दुसरी चूक मिस्त्रीची. आजचे बहुतेक मिस्त्री फोर-स्ट्रोक गाड्यांवर शिकलेले. त्या गाड्यांत निळा धूर दिसला की रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्हचे सील गेले, हा निष्कर्ष बहुधा बरोबर असतो. तोच न्याय राजदूतला लावून ते सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन बसविण्याचा सल्ला देतात. परंतु टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखाली तेलाचा साठाच नाही. मग झिजलेल्या रिंगेमधून वर येणार काय? रिंगा झिजल्या तर गाडीचा जोर कमी होईल, किक हलकी लागेल; पण धुराचे लोट केवळ त्यामुळे निघणार नाहीत. हजारो रुपये खर्चून गाडी परत आणावी आणि धूर तसाच असावा, हा अनुभव अनेक घरांतून आलेला आहे.

म्हणून आधी पाहावे, मग हत्यार हाती घ्यावे. धूर निळा-पांढरा व तेलकट वासाचा असेल, तर तेल जास्त जळते आहे. काळा असेल, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. हिवाळ्याच्या सकाळी पहिल्या पाच मिनिटांत दिसणारी पांढरी वाफ ही बव्हंशी पाण्याची असते. तिची चिंता नको. प्लग काढून पाहिला तर तो पुष्कळ सांगतो. भाजलेल्या बिस्किटासारखा तपकिरी रंग हे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण. ओला, काळा आणि चिकट प्लग तेलाची साक्ष देतो. कोरडी काळी काजळी पेट्रोलाच्या अतिरेकाची.

तेलाची पहिली वाट टाकीतून. जुन्या पुस्तिकांत अशा गाड्यांना साधारणतः वीस ते पंचवीस भाग पेट्रोलास एक भाग तेल असे प्रमाण दिलेले असे. पंचवीसास एक म्हणजे पाच लिटर पेट्रोलात दोनशे मिलिलिटर. घरोघरी मात्र हे प्रमाण अंदाजाने चालते; बाटलीतून ‘थोडे आणखी’ ओतले जाते आणि ते थोडे कधी दुप्पट होते ते कळत नाही. त्यातून बाटलीत टू-टी ऑइल असेलच असेही नाही. ट्रॅक्टरसाठी आणलेले इंजिन ऑइल ओतणारेही आढळतात. ते तेल जळण्यासाठी बनविलेलेच नसल्याने काजळी व धूर दोन्ही वाढवते. भारतात कमी धुराचे टू-टी तेल १ एप्रिल १९९९ पासून बंधनकारक झाले, ते याच निळ्या धुरामुळे. टाकी रिकामी करून, योग्य तेल मापाने मोजून, वेगळ्या डब्यात पेट्रोलाशी नीट ढवळून भरावे. निम्म्या गाड्यांचे दुखणे एवढ्यानेच हलके होईल.

अलीकडे आणखी एक सावधगिरी आवश्यक झाली आहे. २०२५ सालापर्यंत देशातील पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या असलेल्या टाकीत पाणी व इथेनॉल यांचा थर तळाशी बसू शकतो आणि तेल वरच्या पेट्रोलात राहते. अशा वेळी इंजिनाला तळाचे, तेलाविण इंधन मिळते. शिळे पेट्रोल काढून टाकणे हा येथे काटकसरीचाच मार्ग होय. इथेनॉलामुळे मिश्रणात हवेचे प्रमाण वाढून इंजिन अधिक तापते, हेही तेल कमी न करण्याचे एक कारण.

दुसरी वाट ही उभ्या गाडीची. पेट्रोलचा कॉक उघडा राहिला आणि कार्ब्युरेटरची सुई नीट बसत नसली, तर पेट्रोल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते, उडून जाते आणि तेल तेवढे मागे साचते. मग दिवाळीत गाडी बाहेर काढून किक मारली की अंगण धुराने भरून जाते. अशी गाडी बंद खोलीत सुरू करू नये. या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग ना वास. उघड्यावर सुरू करून आठ-दहा किलोमीटर बऱ्यापैकी वेगाने नेऊन आणावी. घरापासून बगीचा एक-दीड किलोमीटरवर आणि रोजची फेरी तेवढीच असेल, तर सायलेन्सर कधी पुरता तापतच नाही व त्यात तेल साठत जाते. रोगापेक्षा ही सवयच पुष्कळदा धुरास कारण असते.

तिसरी वाट सर्वांत फसवी, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. क्रँकच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. क्लचच्या बाजूच्या सीलपलीकडे गिअरचे तेल भरलेले असते. तीस-चाळीस वर्षांत रबर कडक होते, त्याचा ओठ झिजतो. आणि पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये जो शोष निर्माण होतो तो गिअरचे तेल आत ओढून घेतो. टाकीत कितीही मोजून तेल घाला, गाडी पलीकडून आपली तहान भागवीतच असते! याची खूण अशी: उतारावर ॲक्सिलेटर मिटून गाडी उतरवावी आणि खाली येताच पुन्हा उघडावा, त्या क्षणी धुराचा मोठा लोट निघाला, तर संशय पक्का होऊ लागतो. खात्री करण्यासाठी गिअरचे तेल पूर्ण काढून नवे तेल मोजून भरावे, दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवावी आणि पुन्हा काढून मोजावे. जमिनीवर थेंब पडलेला नसताना तेल घटले असेल, तर ते जळाले हे निश्चित. उलट कधी गिअरच्या तेलाला पेट्रोलचा वास येतो. तेव्हाही दोष त्याच सीलचा.

दुसऱ्या बाजूचे, मॅग्नेटोकडचे सील फाटले तर मात्र धूर वाढत नाही. तेथून तेलाऐवजी कोरडी हवा आत शिरते, मिश्रण विरळ होते, ॲक्सिलेटर मिटूनही इंजिन आपोआप जोरात पळते आणि तापते. म्हणून एक सील बदलताना दुसरेही बदलावे. सीलची किंमत फार नसते. मजुरी लागते ती खोलण्याची. नवे सील बसविण्यापूर्वी दांड्यावर जेथे सीलचा ओठ टेकतो तेथे नखाला खाच लागते का ते पाहावे. खाच असेल तर नवे सीलही फार दिवस टिकणार नाही.

काळ्या धुराचे प्रकरण त्यामानाने सोपे आहे. हवेची जाळी धुळीने व तेलाने बुजलेली असते, चोक पुरता उघडत नाही, किंवा कार्ब्युरेटरच्या तरंगत्या डबीत पेट्रोल शिरून ती जड झालेली असते. पितळेची डबी कानाशी हलवून पाहिली की आतले पेट्रोल खुळखुळते.

एवढे करूनही धूर निघत नाही अशी प्रमाणपत्राची खिडकी गाठली, तर तेथे धूर मोजतच नाहीत. पेट्रोलच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे प्रमाण पाहतात. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना ४.५ टक्के आणि ९००० भाग प्रतिदशलक्ष ही मर्यादा आहे. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा बराच हिस्सा न जळताच बाहेर पडतो, त्यामुळे धूर नसलेली गाडीही निर्दोष नसते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करण्याची तरतूद २०२१ साली झाली. पण अशी नोंद असलेल्या गाडीला रोजच्या कामासाठी सडकेवर मज्जाव आहे. बगीच्याला जाणाऱ्या राजदूतच्या मालकाने हे आधी ध्यानी घ्यावे.

राहिला सायलेन्सर. वर्षानुवर्षांचे तेल व काजळी त्यात थरांनी बसलेली असते. आतली नळी सुटी निघत असेल तर ती काढून खरवडावी. सिलिंडरच्या धूर निघण्याच्या तोंडाशी बसलेला कोळसाही लाकडी किंवा पितळी पट्टीने काढावा, पोलादी पेचकस पिस्टनला ओरखडे पाडतो. कॉस्टिक सोड्याचे पाणी लोखंडी सायलेन्सरला चालते, परंतु ॲल्युमिनिअमला ते खाऊन टाकते आणि डोळ्यांत गेले तर दृष्टी घेते. सील बदलून, तेल मोजून, सारे यथासांग केल्यावरही पहिले पन्नास-साठ किलोमीटर गाडी पूर्वीइतकाच धूर ओकली, तर मिस्त्रीशी भांडायला जाऊ नये. तो सायलेन्सरमध्ये उरलेल्या जुन्या तेलाचा धूर असतो, आणि तेल संपले की तोही ओसरतो.