दाब हवा, पण बेताचा

रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरला येणाऱ्या मोटारीच्या इंजिनाला वाटेत एक बदल सोसावा लागतो. समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवरच्या कोल्हापुरात हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे ६ टक्के कमी असतो. हवा विरळ म्हणजे प्राणवायू कमी. साहजिकच इंधनही कमी जळते आणि साध्या इंजिनाची ताकद घटते. टर्बोचार्जर असलेले इंजिन ही तूट भरून काढते, कारण ते हवा नुसती ओढून घेत नाही, तर दाबून भरते.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. सायलेन्सरकडे निघालेल्या तप्त वायूंनी एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने हवा दाबायची, हे त्याचे तत्त्व. सुपरचार्जरला मात्र इंजिनच पट्ट्याद्वारे फिरवते.

अडचण अशी, की टर्बोला आपणहून थांबणे ठाऊक नसते. तप्त वायू वाढले की चक्राचा वेग वाढतो, अधिक हवा भरली जाते, इंधन अधिक जळते आणि वायू आणखी वाढतात. याला आवर घालते ती ‘वेस्टगेट’ नावाची झडप. दाबलेल्या हवेची एक बारीक नळी स्प्रिंग लावलेल्या पडद्यापर्यंत नेलेली असते. ठरावीक दाब होताच पडदा सरकतो, झडप उघडते आणि काही वायू चक्राला वळसा घालून निघून जातात. आधुनिक गाड्यांत पडद्यावर किती दाब पोहोचू द्यायचा, हे संगणक ठरवतो. अनेक डिझेल गाड्यांत त्याऐवजी चक्राभोवतीची पाती वळवून वायूंचा मारा कमी-अधिक केला जातो. सुपरचार्जरमध्ये जादा हवा बगल झडपेतून मागे वळवली जाते.

एवढा बंदोबस्त कशासाठी? सायकलचा पंप मारताना तळ गरम होतो, तशीच दाबलेली हवाही तापते. इंटरकूलर ती थंड करतो, पण मर्यादेपर्यंतच. त्यापुढे पेट्रोलचे मिश्रण अवेळी भडकते आणि पिस्टनवर हातोड्यासारखे ठोके बसतात. स्वीडनच्या साब कंपनीने १९८०च्या दशकाच्या प्रारंभी हे ठोके टिपून दाब आपोआप उतरवणारी यंत्रणा मोटारींत आणली.

पिस्टन आणि ओतीव सुटे भाग घडवणाऱ्या कोल्हापूरला धातूच्या सहनशक्तीची मर्यादा नव्याने सांगायला नको. तरीही जादा ताकदीच्या हौसेपोटी पडद्याच्या नळीत मुद्दाम गळती ठेवली जाते किंवा संगणकाची आज्ञावली बदलली जाते. पडद्याला खरा दाब कळत नाही, झडप उशिरा उघडते आणि चार दिवसांच्या वेगाची किंमत पिस्टन, गॅस्केट किंवा टर्बो मोजतो. घाटात गाडीची ताकद एकाएकी पडली, शिट्टीसारखा आवाज किंवा काळा धूर आला, तर टर्बो बदलण्याआधी नळ्या आणि झडपा तपासून घ्याव्यात. पुष्कळदा दोष एका फाटक्या नळीतच असतो.