वाळूत गाडी घालण्यापूर्वी

दसऱ्याला देऱ्यातल्या इमारतींच्या पार्किंगमध्ये एक फेरी मारली, की आपल्या माणसांच्या गाड्या कुठल्या ते लगेच कळतं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ. अलीकडे या हार घातलेल्या गाड्या चांगल्याच उंच झाल्या आहेत. ऑक्टोबर सरत आला आणि हवा जरा निवली, की मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर प्रश्न सुरू होतात, "लहबाबला कोणी गेलंय का? आपली गाडी वाळूत चालेल का?"

गेली बारा वर्षं मी थंडीच्या दिवसांत मित्रांच्या गटाबरोबर वाळूत गाडी चालवतो आहे, त्यामुळे हे प्रश्न फिरून माझ्याकडे येतात. कॅनडातला माझा भाचा मला फोनवर चिडवतो, "मामा, तुमची वाळू आणि आमचा बर्फ, गोष्ट एकच!" आमच्या देऱ्यात बर्फ दिसतो तो मासळीबाजारात; पण त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. बर्फावर चाकाला पकड मिळत नाही म्हणून गाडी घसरते, वाळूत चाक रुततं म्हणून ती थांबते. उपायही वेगळे. त्यांच्याकडे क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लावावे लागतात. आम्ही आहे त्याच टायरमधली हवा कमी करतो. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला, की गाडी निघते झोकात, पण ती थांबायला किंवा वळायला त्याचा उपयोग होत नाही. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. म्हणून साधी गाडी रस्त्याच्या कडेलाच रुतते आणि फोर बाय फोर दोन किलोमीटर आत जाऊन रुतते. खरा धोका तिथे आहे.

तेव्हा पहिलं काम, आपली गाडी खरोखर फोर बाय फोर आहे का ते पाहणं. दिसायला जीपसारख्या अनेक गाड्यांमध्ये जोर फक्त पुढच्या दोन चाकांना असतो. त्या वाळूसाठी नाहीत. विम्याचे कागदही एकदा वाचा. रस्ता सोडून झालेलं नुकसान भरून मिळेल का, ते त्यात लिहिलेलं असतं. भाड्याची गाडी असेल तर करारात बहुधा स्पष्ट मनाई असते.

दुसरी गोष्ट हवा. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये साधारण ३२ ते ३५ पीएसआय हवा असते. वाळूत शिरण्यापूर्वी ती १५ ते १८ वर आणायची. हवा कमी केली, की टायर पसरतो, जमिनीवर टेकणारा भाग लांब होतो आणि गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं. उंटाचा तळवा असाच पसरट असतो. पण अशा मऊ टायरवर झटकन वळलात, तर टायर रिममधून निसटू शकतो. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावा, कारण चाक जरा फिरलं की तो इंजिनाचा जोर कापतो आणि गाडी नेमकी चढावर बसते.

आता टेकडी. हत्ता रस्त्यावरच्या लहबाबची वाळू लोहाच्या गंजामुळे लाल दिसते. तिथून पुढे शारजाच्या हद्दीतल्या अल बदायरला 'बिग रेड' नावाची सुमारे शंभर मीटर उंचीची टेकडी आहे. इथला मुख्य वारा वायव्येकडून येणारा शमाल. वारा ज्या बाजूने येतो, तो उतार सौम्य आणि घट्ट असतो. पलीकडच्या बाजूला वाळू घसरून जवळजवळ ३३ अंशांचा मऊ कडा तयार होतो. चढताना माथ्यापलीकडे काय आहे ते दिसत नाही. तिथे दुसरी गाडी असू शकते, उंट असू शकतो, कोणी पोरंसोरं बसलेली असू शकतात. म्हणून प्रत्येक गाडीला उंच काठीवर झेंडा हवा, आणि अनोळखी टेकडी आधी पायी चढून पाहावी. उतरताना नाक सरळ खाली ठेवायचं. तिरकं उतरलं, की गाडी कलंडण्याची भीती. मागची बाजू घसरायला लागली, तर स्टीअरिंग उताराच्या दिशेने वळवून हलका अॅक्सिलरेटर द्यायचा. त्या क्षणी पाय ब्रेकवर जाऊ द्यायचा नाही. भर दुपारी सावली नसते, त्यामुळे खड्डा आणि उंचवटा एकसारखेच दिसतात. सकाळ किंवा चारनंतरची वेळ बरी.

रुतलात, तर अॅक्सिलरेटरवरून पाय काढा. चाकं फिरवत राहिलं, की ती खाली खाली जातात आणि गाडी पोटावर बसते. उतरून चाकांसमोरची वाळू हातांनी काढा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा आणि आल्या चाकोरीतून मागे या. दहापैकी आठ वेळा एवढ्यावर भागतं. दोरीने ओढायची वेळ आली, तर ती गाडीच्या मूळ रिकव्हरी हुकालाच बांधा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोरी कधीही अडकवू नका. तो तुटला, तर तोफगोळ्यासारखा उडतो आणि त्याने जगभरात माणसं गेली आहेत. ओढताना बाकीच्यांनी, विशेषतः मुलांनी, दोरीच्या लांबीहून दूर उभं राहायचं.

गेल्या वर्षी आमच्या गटाला लहबाबच्या आत एक मराठी कुटुंब भेटलं. गाडी नवी, टायरमध्ये रस्त्याची हवा, मागच्या सीटवर दोन मुलं आणि सांगलीहून आलेल्या आजी. सूर्यास्ताला तासभर उरलेला, फोनला रेंज नाही, सगळ्यांत मिळून पाण्याची एकच अर्धी बाटली. गाडी वीस मिनिटांत निघाली. आजी म्हणाल्या, "बाबा, रस्ता तिथं दिसत होता की, म्हणून हा चालत निघाला होता." मला त्या वाक्याची भीती वाटली. वाळवंटात अंतर फसवं असतं, आणि शोधणाऱ्याला गाडी सापडते, एकटा माणूस सापडत नाही. गाडी सोडायची नाही. नकाशातलं आपलं ठिकाण टिपून ठेवायचं, रेंज मिळेल त्या उंचवट्यावरून ९९९ ला फोन करायचा आणि गाडीच्या सावलीत थांबायचं.

म्हणून आमच्या गटाचे नियम साधे आहेत. किमान दोन गाड्या, तीन असल्या तर उत्तम. माणशी पाच लिटर पाणी. फावडं, दोरी, हवा भरायचा कॉम्प्रेसर. कुठे जातोय आणि किती वाजता परतणार, हे घरी कोणालातरी सांगून निघायचं. प्रत्येकाने आरशात मागच्या गाडीवर लक्ष ठेवायचं. ती दिसेनाशी झाली, तर आपण थांबायचं. जून ते सप्टेंबर वाळूत जायचंच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत भारतातून पाहुणे येतात, त्यांना 'डेझर्ट सफारी' हवीच असते. ती जरूर करावी, पण परवाना असलेल्या चालकाबरोबर, आत लोखंडी रोल केज बसवलेल्या गाडीतून. पट्टा सगळ्यांनी लावायचा. पाठीचं किंवा मानेचं दुखणं, गरोदरपण, हृदयविकार असेल, तर थेट तंबूवर सोडायला सांगावं. जेवण आणि तारे तिथेही तेच असतात.

थांबताना सावलीसाठी घाफच्या झाडाशी जाल, तर गाडी त्याच्या मुळांपासून लांब उभी करा. घाफ हा अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष, आणि तो म्हणजे आपली शमी, पांडवांनी शस्त्रं लपवली ती. दसऱ्याला जिची पूजा करतो, तिच्या फांद्या शेकोटीसाठी तोडू नयेत.

परतीचं शेवटचं काम सगळ्यांत जास्त विसरलं जातं. डांबराला लागलात, की थांबा आणि टायरमध्ये पूर्ण हवा भरा. मऊ टायरवर ताशी १०० किलोमीटर वेगाने गेलात, तर तो तापून फुटतो, आणि वाळूत काहीही न झालेली गाडी हमरस्त्यावर उलटते. चार टायरांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात थर्मासमधला चहा संपतो, मुलांच्या बुटांतली वाळू झटकून होते, आणि मग निवांतपणे देऱ्याच्या दिशेने निघता येतं.