एक लिटर पेट्रोल कोठे जाते?

येडशीच्या चौफुलीवर जरा वेळ उभे राहिलात, तर सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग आणि बार्शी-लातूर रस्ता यांवरून नाना तऱ्हेची वाहने जाताना दिसतील. त्यांत छोट्या मोटारींची संख्या मोठी असते. कोणी नोकरीसाठी धाराशिवला जातो, कोणी दवाखान्यासाठी लातूरला. अशी मोटार घेणाऱ्याला पाहुणे पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला : "लिटरला किती देते?"

हा प्रश्न व्यवहाराचा आहे, तसाच विज्ञानाचाही आहे. आज आपण वही-पेन्सिल घेऊन त्याचे उत्तर शोधू.

एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा मिळते. परंतु ती सारी चाकांपर्यंत पोहोचत नाही. बरीचशी उष्णता धुराबरोबर बाहेर जाते, बरीचशी रेडिएटरमधून हवेत जाते, काही एंजिनातील घर्षणात खर्च होते. चाकांच्या वाट्याला ढोबळ मानाने चौथा हिस्सा, म्हणजे ८० लाख ज्यूल येतात.

हे ८० लाख ज्यूल कशावर खर्च होतात? सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या मोटारीला दोन विरोध होतात. पहिला टायरांचा. फिरताना टायरचे रबर सतत दबते आणि पुन्हा फुगते, त्यात ऊर्जा वाया जाते. मोटार व माणसे मिळून ९०० किलोग्रॅम वजन धरले, तर हा विरोध सुमारे १०५ न्यूटन येतो. दुसरा विरोध हवेचा. छोट्या मोटारीला ताशी ५० कि.मी. वेगाने जाताना तो सुमारे ८० न्यूटन असतो. दोन्ही मिळून १८५ न्यूटन. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, हे तुम्ही शिकला आहातच. म्हणून ८० लाखांना १८५ ने भागा. उत्तर येते सुमारे ४३,००० मीटर, म्हणजे ४३ किलोमीटर!

आता घरी विचारा. बहुतेकांची मोटार लिटरला १५ ते २० कि.मी. देत असेल. मग उरलेले किलोमीटर गेले कोठे?

काही भाग एंजिनाच्याच स्वभावात आहे. हलके ओझे ओढताना त्याची कार्यक्षमता चौथ्या हिश्शाहूनही खाली येते. मात्र बाकीचा पुष्कळसा भाग चालकाच्या हाती, खरे म्हणजे त्याच्या पायाखाली असतो.

प्रथम वेग घ्या. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. ताशी ५० कि.मी. वेगाला ८० न्यूटन असेल, तर १०० कि.मी. वेगाला ३२० न्यूटन. टायरांचे १०५ मिळवले की ४२५ झाले. वरचाच भागाकार पुन्हा करा, ४३ कि.मी.चे जेमतेम १९ उरतात. १९७८ साली स्थापन झालेली पी.सी.आर.ए. ही इंधनबचतीचे काम करणारी सरकारी संस्था ताशी ४५ ते ५५ कि.मी. वेगाचा सल्ला देते, तो यासाठीच. चौपदरी महामार्गावर हा वेग रटाळ वाटतो खरा, पण खिशाला तो मानवतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ९०० किलोग्रॅमची मोटार ताशी ५० कि.मी. वेगाने जात असता तिच्यात सुमारे ८७,००० ज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबून ती थांबवली की ही सारी ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते. तोच वेग पुन्हा मिळवायला सुमारे ११ मिलिलिटर पेट्रोल लागते, म्हणजे चहाचे दोन चमचे. पुढे गतिरोधक किंवा गुरांचा कळप दिसत असताना शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून मग ब्रेक मारणारा चालक दर वेळी दोन चमचे पेट्रोल रस्त्यावर ओततो असे समजा. दुरूनच पाय उचलणारा ते वाचवतो.

तिसरी गोष्ट वजनाची. 'हलकी गाडी' ही कल्पना येडशीला जुनीच आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत धावू लागली आणि पुढे येडशीवरून १९११ मध्ये लातूरला पोहोचली. अडीच फुटी रुळांवरील ही गाडी प्रत्येक आसावर थोडेच वजन देई, त्यामुळे हलके रूळही तिला पुरत. आज तेथे रुंदमापी मार्ग आहे.

मोटारींच्या जगातही हीच दिशा दिसते. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये 'मीरा' ही छोटी मोटार स्वतः घडवली. ती कारखान्यातून बाजारात मात्र आली नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. त्या वेळच्या अँबॅसॅडरचे वजन ११०० किलोग्रॅमहून अधिक, तर मारुतीचे साडेसहाशेच्या आसपास. तिचे ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरी एंजिन पुढे आडवे बसवलेले असून पुढचीच चाके फिरवी. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा लागतच नसे. पुढे टाटांची नॅनो २००८ मध्ये जगापुढे आली, तिचे वजनही ६०० किलोग्रॅमच्या आसपास होते. या दोन्ही मोटारींचे उत्पादन आता थांबले आहे, पण हलकेपणाचा धडा कायम आहे.

वजनाची खरी परीक्षा होते ती घाटात. येडशी बालाघाटच्या डोंगररांगेत आहे, रामलिंगचा घाट व अभयारण्य तुम्हांला ठाऊक असेलच. समजा, आपली मोटार १०० मीटर उंच चढली. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा : सुमारे ८ लाख ८२ हजार ज्यूल. त्यासाठी सुमारे ११० मिलिलिटर पेट्रोल जळते, म्हणजे एक कपभर! डिकीत विसरलेले ५० किलोचे पोते दर चढाला आपला वाटा मागते.

"चढताना गेलेले उतरताना वसूल करू," असे म्हणून काही चालक उतारावर गाडी न्यूट्रल करतात, कोणी तर एंजिनच बंद करतात. हे कधीही करू नये. गिअरमध्ये असलेले एंजिन चाकांना आवरून धरते. गिअर काढला की सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि त्यांची पकड घटते. एंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी जादा शक्ती संपते, आणि किल्ली काढल्यास स्टिअरिंगही अडकू शकते. शिवाय यात बचतही नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटारी गिअरमध्ये उतरतानाही थोडे पेट्रोल ओढत. इंधन फवारणी पद्धतीच्या आजच्या मोटारीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की पेट्रोलचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो, उतारच एंजिन फिरवतो. न्यूट्रलमध्ये मात्र एंजिन सुरू ठेवण्यासाठी पेट्रोल जाळावेच लागते. म्हणजे जो वाचवायला जातो, तोच अधिक खर्च करतो, आणि जीव धोक्यात घालतो तो वेगळाच.

आता एकंदर हिशोब पाहू. येडशीहून धाराशिव सुमारे २० कि.मी. महिन्याला २५ वेळा जाऊन-येऊन १,००० कि.मी. होतात. लिटरला १५ कि.मी. मिळाले तर ६७ लिटर, २० मिळाले तर ५० लिटर. वर्षाला सुमारे २०० लिटरचा फरक! लिटरला १०० रुपये धरले तरी वीस हजार रुपये होतात. एका लिटरपासून सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे तोही ४६० किलोग्रॅमने कमी. आणि आपला देश लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणतो, हे विसरू नका.

माहितीपत्रकातील आकडा पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेत, फिरत्या रुळांवर मोटार चालवून, ठरावीक क्रमाने वेग बदलत काढलेला असतो. दोन मोटारींची तुलना करण्यास तो उत्तम. पण तुमच्या रस्त्याचा आकडा तुम्हीच काढला पाहिजे.

त्यासाठी हा प्रयोग करा. घरच्या किंवा शेजारच्या मोटारीची टाकी पूर्ण भरून घ्यायला सांगा व किलोमीटरचा आकडा टिपा. नेहमीप्रमाणे तीन-चारशे कि.मी. झाल्यावर त्याच पंपावर टाकी पुन्हा पूर्ण भरा. जितके लिटर मावले, त्याने अंतराला भागा. पुढच्या खेपेस टायरांतील हवा माहितीपत्रकाप्रमाणे भरून घ्या, डिकी रिकामी करा, चालकाला वेग ५०च्या आसपास ठेवायला सांगा आणि पुन्हा मोजा. मोटार चालवायला तुम्हांला वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतील, पण शेजारी बसून वही सांभाळायला आजही हरकत नाही. दोन आकडे वर्गात फळ्यावर लिहा. त्यांतील फरक किती आला, आणि तो नेमका कशामुळे आला, हे कसे ठरवाल?